डबा न्यायचा की भट्टी पेटवायची?

पुतण्यानं फोन केला. सोलापुरातली चाळीस पोरं घेऊन मे महिन्यात आठ दिवसांचा कँप: तीन दिवस चाल, पुढचे पाच दिवस एका शेतावर मुक्काम. "काका, डबाबंद मटण-मासे नेऊ की तिथंच भट्टी लावून पाव भाजू? नीट सांगा की." माझा धंदा केटरिंगचा, आणि लष्करी भटारखान्याचा इतिहास वाचायची खोड जुनी. त्यामुळे उत्तर लांबलं.

हा प्रश्न लष्कराला रोजचाच. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैनिकाचा दिवसाचा शिधा असा ठरलेला होता: ताजं मांस सव्वा पौंड, नाहीतर डब्यातलं एक पौंड, पाव सव्वा पौंड, नाहीतर टणक लष्करी बिस्किटं एक पौंड. सगळी गोम त्या 'नाहीतर'मध्ये आहे. गाडी पोचली तर ताजं, नाही पोचली तर डबा. दोन्हींची सोय ठेवूनच फौज हलायची.

आधी डबा. १८१० मध्ये फ्रेंच सरकारनं निकोला आपेर या मिठाईवाल्याला १२,००० फ्रँकांचं बक्षीस दिलं. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची युक्ती. त्याच वर्षी इंग्लंडात कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याचं पेटंट निघालं. ते डबे छिन्नी-हातोड्यानं फोडावे लागत. ओपनर यायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. अन्न कशामुळे टिकतं, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जंतूंचं कोडं पाश्चरनं पुढे उलगडलं. त्या अज्ञानाची किंमत १८५२ मध्ये दिसली. ब्रिटिश आरमारानं साठ्यातले मांसाचे डबे फोडून पाहिले, तर बहुतेक सडलेले. कंत्राटदारानं मोठमोठे डबे भरले होते आणि मधल्या मांसापर्यंत उष्णता पोचलीच नव्हती. आपल्याकडे मोठ्या पातेल्यातल्या भाताचा मधला भाग कच्चा राहतो, तसंच.

म्हणून आज नेणारच असशील तर गोल डब्यापेक्षा चपटं रिटॉर्ट पाकीट (अन्न भरून, बंद करून दाबाखाली तापवलेली पिशवी) बरं. जाडी कमी असल्यानं १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लवकर मध्यापर्यंत जाते, आणि ओपनर लागत नाही. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं आपल्या जवानांसाठी अशा पाकिटांवर बरंच काम केलंय. फक्त बाभळीच्या काट्यापासून जपायचं. भोक पडलेलं पाकीट आणि फुगलेला डबा सरळ फेकायचा, चव घेऊनसुद्धा बघायची नाही.

आता आपला मे महिना. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या उन्हात बुली बीफचा, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचा, डबा उघडला की आतून तेलकट पातळ रस ओघळायचा, सैनिक वैतागायचे. सोलापूरच्या ४३-४४ अंशांत उभ्या गाडीच्या डिकीत काय होईल, ते तूच ठरव. उष्णतेत वाढणारे काही जंतू तर डबा न फुगवताच आतलं आंबवतात. तेव्हा डबे गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेव.

भट्टीची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिच्यात जास्त. ब्रिटिश फौजेची ऑल्डरशॉट भट्टी म्हणजे लोखंडी पत्र्याची कमान, तिच्यावर मातीचा थर. आत जाळ करायचा, पत्रा आणि माती पुरेशी तापली की निखारे ओढून काढायचे, पाव आत सारायचे आणि तोंड चिखलानं लिंपायचं. मी ती शेतावर तेलाच्या अर्ध्या पिंपाची करून पाहिली. वर काळी माती थापली, तिथंच चुकलो. वाळताना ती अशी तडकली की सगळी वाफ भेगांतून गेली. पहिला घाणा खालून कोळसा, वरून पांढराफटक. दुसऱ्या वेळी पांढऱ्या मातीत कडब्याचा भुसा कालवला, दोन तास जाळ केला आणि तळावर चिमूटभर पीठ टाकून पाहिलं. पीठ लगेच काळं झालं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव आत. उन्हाळ्यात पीठ भसाभस फुगतं, म्हणून यीस्ट कमी आणि पाणी माठातलं.

वजनात भट्टी जिंकते. दहा किलो मैद्याचे तेरा-चौदा किलो पाव होतात. वरचं वजन पाण्याचं, ते मुक्कामावरच मिळतं. डब्यात मात्र पाणी आणि पत्रा दोन्ही पाठीवर. पण भट्टीला सरपण, दळण आणि थांबायला वेळ लागतो. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिशांनी त्यासाठी बोटी कामाला लावल्या, एकीवर गिरणी आणि दुसरीवर बेकरी. पहिल्या महायुद्धात इराकातल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात हे काहीच जमेना. तिथं डिसेंबर १९१५ पासून सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य हाती होतं, दळायचे वांधे. शेवटी विमानातून जात्याचे दगड टाकले. मांस म्हणून घोडे होते, पण बहुतेक हिंदी सैनिकांनी ते खायचं बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली.

तेव्हा चाळीस पोरांत कोण काय खातं, ते निघायच्या आधी विचार. शनिवार पाळणारा निघतो, अंडंही न चालणारा निघतो. मांसाचा डबा एकदा फोडला की तो चार तोंडांसाठी राखून ठेवता येत नाही.

माझा हिशेब असा. चालीचे तीन दिवस पाकिटं: राजमा, डाळ, खाणाऱ्यांसाठी मासे. बिस्किटांच्या जागी कडक भाकरी आणि शेंगा चटणी. टिकण्यात ती बिस्किटाला हार जात नाही आणि दातही शाबूत राहतात. मुक्कामी पोचलात की पहिल्या संध्याकाळी भट्टी बांधा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पाव. एकाच रात्रीचा मुक्काम असता तर भट्टीचं नावही काढू नको म्हणालो असतो.

"मग डबे नकोच ना?" त्यानं विचारलं. चार ठेव म्हटलं, पावसानं सरपण भिजलं तर. आणि ओपनर दोन घे, एक हरवतोच.