३२, ६४ की १२८ जीबी? कॅमेऱ्याचं कार्ड घेण्याआधी

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांच्या हातात कॅमेरा आला आणि तिघांचाही प्रश्न एकच, कार्ड किती जीबीचं घेऊ? दोघांचे नवेकोरे २४ मेगापिक्सेलचे, एकच कार्ड बसणारे, आणि तिसऱ्याला काकांचा जुना निकॉन डी९० मिळालाय. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट बसून लिहावं. सगळा हिशोब २४ मेगापिक्सेलचा धरून करते, तुमचा ३३ किंवा ४५ चा असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्या.

आधी माझं मत सांगते, कारणं मागून. फक्त फोटो काढणार असाल तर १२८ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या. व्हिडिओ बऱ्यापैकी करणार असाल तर १२८ ची दोन. ३२ चं आज नवीन घेण्यात अर्थ नाही, एक अपवाद सोडून, तो पुढे येईलच. आणि एकाच स्लॉटचा कॅमेरा असेल तर २५६ च्या वाटेला शक्यतो जाऊ नका.

आता हिशोब. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही न बदलता साठवलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची होते, चांगल्या क्वालिटीची जेपेग ८ च्या आसपास, फ्रेममध्ये गवत, पानं, गर्दी असं बारीक डिटेल भरपूर असेल तर दहा-बाराच्या घरात जाते आणि मोकळं आभाळ असेल तर बरीच खाली येते. मी रॉ २८ ची धरते. म्हणजे ३२ च्या कार्डावर ११०० च्या आसपास रॉ बसतील, ६४ वर २२००, १२८ वर ४४००. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवत असाल तर ६४ वर १७०० आणि १२८ वर ३५००. नुसती जेपेग काढत असाल तर ३२ वरसुद्धा ४००० फोटो मावतात, तिथे मोठ्या कार्डाची गरजच नाही. (६४ चं कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर ५९ दिसलं म्हणून दुकानात परत जाऊ नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तो फरक दिसतो, माल पूर्ण आहे.)

हे आकडे बघून लोक म्हणतात मग १२८ च घेऊ की, एकदाच काय तो खर्च. पण खरा प्रश्न कार्डात किती मावतं हा नाहीच, तुम्ही एका दिवसात किती काढता हा आहे, म्हणजे सकाळी घरातून निघाल्यापासून रात्री फोटो लॅपटॉपवर उतरवेपर्यंत. कासला फुलं बघायला गेलात तर ३००-४०० फोटो होतात, त्यातही निम्मे एकाच फुलाचे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून फ्लेमिंगो टिपायचे तर उडतानाचे बर्स्ट (एका दमात सलग काढलेले फोटो) धरून ८००-१००० सहज. घरचं लग्न असेल आणि तुम्हीच हौसेने कॅमेरा घेऊन फिरताय तर १५०० च्या पुढे. मागच्या ट्रिपचं फोल्डर उघडा आणि एका दिवसाचे किती झाले ते मोजा, त्याच्या दीडपट मावेल एवढं कार्ड तुम्हाला पुरतं. बहुतेकांचं उत्तर ६४ मध्येच येतं, माझंही तेच आलं.

मग १२८ चं एक की ६४ ची दोन? इथे मला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचं सांगायलाच हवं. मेंदी, हळद, लग्न असे तीन दिवस, आणि मी १२८ चं एकच कार्ड लावून निवांत होते, जागा भरपूर होती त्यामुळे रात्री फोटो उतरवायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हळद संपत आली होती आणि अंगणात सगळे एकमेकांना पिवळे करत होते, तेव्हा स्क्रीनवर कार्ड एरर आला. बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, काही नाही. त्याच क्षणी शूटिंग थांबवलं आणि त्या कार्डावर परत काहीही लिहिलं नाही, हे एक बरोबर केलं. घरी येऊन फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने रात्रभर रिकव्हरी लावली. बरेच फोटो मिळाले. पण मावशी आजीच्या गालाला हळद लावतेय तो फोटो अर्धाच आला, वर आजीचे मिटलेले डोळे आणि मावशीची बोटं, आणि त्याच्या खाली नुसत्या करड्या पट्ट्या. आजी त्यानंतर दीड वर्षाने गेली. तो फोटो मी अजून तसाच ठेवलाय.

६४ ची दोन कार्डं असती तर बिघडायचं ते बिघडलंच असतं, मला ते रोखता आलं नसतं. पण मेंदीचं कार्ड पाकिटात वेगळं राहिलं असतं आणि निदान पहिला पूर्ण दिवस हाताला लागला असता. तेव्हापासून मी साइज ठरवताना एवढंच बघते, हे कार्ड गेलं तर सोबत काय काय जाईल.

दुसरी बाजूही आहे आणि तीही खरी आहे. कार्ड जितक्या वेळा काढाल-घालाल तितके ते हरवायचे, वाकायचे, मातीत पडायचे चान्स वाढतात. पालखी दिवे घाटात असताना, धूळ उडतेय, मागून लोक ढकलतायत, वरून पावसाची भुरभुर, अशा वेळी कार्डाचं झाकण उघडून नखाएवढी वस्तू बदलत बसणं म्हणजे संकटाला बोलावणं. होडीतही तेच, हातातून सुटलं की उजनीत गेलं. अशा ठिकाणी मोठं कार्ड बरं पडतं यात वाद नाही. माझा तोडगा असा, की कार्ड भरायची वाट बघायची नाही, निवांत जागा बघून आधीच बदलायचं. घाट चढायच्या आधी चहाला थांबलो की बदललं, होडीत बसायच्या आधी काठावर बदललं, लग्नात जेवणाच्या वेळी बदललं. ६४ निम्मंच भरलं असेल तरी चालेल. हे जमत असेल तर दोन लहान कार्डं, आणि स्वतःचा स्वभाव ओळखून हे होणार नाही असं वाटत असेल तर सरळ १२८ घ्या, पण मग रोज रात्री उतरवायचं म्हणजे उतरवायचंच. पैशाचं म्हणाल तर ६४ ची दोन साधारणपणे १२८ च्या एकापेक्षा थोडी महाग पडतात, तो फरक मी तरी आनंदाने देते.

व्हिडिओला मात्र हा सगळा हिशोब बदलतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोर के १०० एमबीपीएसला रेकॉर्ड होतं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, ८ बिटांचा एक बाइट या हिशोबाने साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. ३२ वर पाऊण तासही मावत नाही, ६४ वर सव्वा तासापेक्षा थोडं जास्त, १२८ वर पावणेतीन तास. शाळेचं गॅदरिंग, गाण्याची मैफल असं सलग काही करायचं असेल तर ऐन रंगात आलं असताना ६४ भरतं आणि तिथे चहाचा ब्रेक मागता येत नाही. म्हणून व्हिडिओवाल्यांनी १२८ च घ्यावं, आणि २५६ सुद्धा कोणी घ्यायचंच असेल तर यांनीच, तेही कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील आणि दुसऱ्यावर बॅकअप जात असेल तर.

आता स्पीड, कारण साइज ठरवून झाल्यावर लोक नेमके इथे फसतात. कार्डावर मोठ्या अक्षरात १७० किंवा २०० एमबी छापलेलं असतं तो वाचायचा स्पीड, आणि तोही कंपनीचा ठरावीक कार्ड रीडर असेल तर मिळणारा. कॅमेऱ्याला लागतो लिहायचा, तो पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. एकाच नावाच्या सिरीजमध्ये लहान साइजचा लिहायचा स्पीड बऱ्याचदा कमी असतो, त्यामुळे "मित्राकडे हेच आहे" म्हणून डोळे झाकून ६४ उचलू नका, त्याचं १२८ चं असेल आणि ते जास्त वेगात लिहीत असेल. तेवढ्यासाठी आधी मागची बाजू वाचा.

याने काय फरक पडतो ते ताडोबात कळतं. समजा तुमच्या कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे कार्डावर लिहिले जाईपर्यंत फोटो जिथे थांबतात त्या आतल्या मेमरीत, ४० रॉ मावतात. वाघीण रस्त्यावर आली, तुम्ही बटण दाबून धरलं, चार सेकंदात बफर भरला, ११०० एमबीच्या वर डेटा साठला. सेकंदाला ८० एमबी लिहिणाऱ्या कार्डाला तो रिकामा करायला १४ सेकंद लागतात, ३० ने लिहिणाऱ्याला ३७. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकत राहतो, कॅमेरा एखाद-दुसरा फोटो कसाबसा घेतो, आणि तेवढ्या वेळात मागून बछडी येऊन रस्ता ओलांडून बांबूत शिरलेली असतात. जिप्सीतल्या बाकी सगळ्यांकडे बछड्यांचे फोटो आणि तुमच्याकडे आईचे एकसारखे ४०. त्यामुळे पक्षी-प्राणी करणार असाल आणि बजेट तेवढंच असेल तर साइज उतरवा पण स्पीड उतरवू नका, मंद १२८ पेक्षा वेगवान ६४ कधीही चांगलं. निसर्गचित्रं, पोर्ट्रेट, फिरायला गेल्यावरचे फोटो यांना सेकंदाला १० एमबी लिहिणारं साधं क्लास १० सुद्धा चालतं, पण आज व्ही३० छापलेलं घ्या, त्यात निदान ३० ची हमी असते आणि वरचा १०० एमबीपीएसचा व्हिडिओही आरामात बसतो. पिनांच्या दोन ओळी असलेलं यूएचएस-२ कार्ड खूप वेगवान असतं पण महागही तितकंच, आणि कॅमेरा एकाच ओळीच्या यूएचएस-१ चा असेल तर ते चालतं, फक्त यूएचएस-१ च्याच वेगाने. मग ते पैसे वाया. कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडून तेवढी एक ओळ बघून घ्या.

तो ३२ चा अपवाद म्हणजे जुने कॅमेरे. ३२ पर्यंतची कार्डं एसडीएचसी आणि त्यापुढची एसडीएक्ससी, आणि एक्ससी प्रकार २००९ मध्ये आला. डी९० हा २००८ चा, त्याला एसडीएचसीच माहीत, ६४ चं चालणार नाही, आणि सेकंडहँड बाजारात त्या काळचे कॅमेरे अजून भरपूर फिरतात. वाईट वाटायचं कारण नाही, १२ मेगापिक्सेलच्या फाइल्स लहान असतात, ३२ वर दोन हजाराच्या पुढे रॉ जातात, १६ चंसुद्धा दिवसाला पुरतं. जुन्या लॅपटॉपचे जुने रीडरही एक्ससी कार्ड दिसल्यावर "फॉरमॅट करू का" विचारतात. तिथे हो म्हणू नका, फोटो शाबूत असतात, नुसता रीडर बदला. फॉरमॅट करायचं ते फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर, आणि कॅमेऱ्यातच.

नकली कार्डांचं थोडक्यात सांगते. त्यात आतली चिप लहान असते आणि कार्ड कॅमेऱ्याला खोटंच मोठं असल्याचं सांगतं, आतली खरी जागा भरेपर्यंत सगळं छान चालतं, मग पुढच्या फाइल्स आधीच्यांवर लिहिल्या जातात नाहीतर नुसत्याच हरवतात. जितकं मोठं कार्ड आणि जितका न पटणारा कमी भाव तितका संशय घ्यायचा. मला एकदा ऑनलाइन असं आलंय. तेव्हापासून नवीन कार्ड आलं की पहिल्याच दिवशी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून तपासते, मॅकवर असाल तर एफथ्री. वेळ लागतो, पण परत करायची मुदत संपायच्या आत कळतं.

उतरवायला लागणारा वेळही आधीच धरा, कारण २५६ नको म्हणण्यामागे माझं अर्धं कारण तेच आहे. भरलेलं १२८ चांगल्या रीडरने ९० च्या वेगाने उतरवलं तर २४ मिनिटं, जुन्या यूएसबी २ च्या रीडरने तासाच्या वर. २५६ ला त्याच्या दुप्पट. दिवसभर उन्हात फिरून लॉजवर आलोय, खोलीत एकच प्लग, त्यावर फोन, कॅमेऱ्याची बॅटरी आणि लॅपटॉप तिघांची रांग, डोळे मिटतायत, अशा वेळी दोन तासांचं काम माणूस उद्यावर ढकलतो. ६४ चं पंधरा मिनिटांत होतं, दात घासून येईपर्यंत जवळजवळ आटोपलेलं असतं.

तर त्या तिघांपैकी भिगवणवाल्या मित्राने ६४ ची दोन घेतली, ९० ने लिहिणारी. दुसरीला बाळाचे व्हिडिओ करायचेत, तिने १२८ ची दोन. डी९० वाल्याला माझ्याकडची ३२ ची दोन देऊन टाकली, कुठे लागणार मला आता. त्याला देताना पाकिटात ठेवायची पद्धतही दाखवली: रिकामं कार्ड लेबल वर करून, भरलेलं उलटं, पिना दिसतील असं, आणि भरलेल्याच्या कडेचं छोटं बटण लॉककडे सरकवलेलं, म्हणजे गडबडीत तेच परत कॅमेऱ्यात गेलं तर कॅमेरा स्वतःच अडवतो. एका कार्डाचं ते बटण जरा सैल झालंय, आपोआप लॉककडे सरकतं, तर तेवढ्या खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवून दिलाय.