हार्मंड्सवर्थ की ग्रेट कॉक्सवेल: कोणतं कोठार आधी पाहावं?

दोन्ही इंग्लंडमधली मध्ययुगीन धान्यकोठारं. सुतारकाम बघायचं तर लंडनच्या हीथ्रो विमानतळाला खेटून असलेलं हार्मंड्सवर्थ. विंचेस्टर कॉलेजने 1426-27 मध्ये बांधवलेलं, ओकचं, 12 खणांचं, सुमारे 58 मीटर लांब. बाहेरून नुसत्या फळ्या. मात्र ते ठरावीक रविवारीच उघडतं.

ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेल ब्यूली मठाचं, 1292 च्या आसपासचं. लांबीला कमी, पण भिंती दगडी. मधे रुंद दालन, दोन्ही बाजूंना पडव्या ही मांडणी दोन्हीकडे सारखीच; खरा फरक खांबांच्या पायाशी. हार्मंड्सवर्थचे खांब बुटक्या दगडांवर, कॉक्सवेलचे जवळजवळ पुरुषभर उंच दगडी चौथऱ्यांवर. ओल जमिनीतून चढते, खांबाचा बुंधा आधी कुजतो. तो खचला की वरचे सांधे उघडतात. टिकाऊपणाच्या अकलेत कॉक्सवेल सरस.