शौकाची घोडी असेल तर या फार्मवर न्याच, फक्त घाई घरी ठेवून जा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

हा फार्म वर्धा आणि हिंगणघाटच्या मधे आहे, मेन रोड सोडून आत गेलं की कपाशीच्या वावरातून पांदण लागते, तिच्या टोकाला. इथे घोडं पण शिकवतात आणि माणसाला बसायला पण शिकवतात, पण ही दोन कामं ते वेगळी मानतच नाहीत. उस्ताद पहिल्याच फोनवर विचारतात की घोड्यावर बसणार कोण, मग त्यालाच पाठवा. नुसती घोडी ठेवायची आणि महिन्याने तयार करून न्यायची असा विचार असेल तर ते घेतच नाहीत. मला सगळ्यात जास्त हेच पटलं, कारण शिकवणाऱ्याच्या हातात घोडी शहाणी आणि घरी आणली की परत जशीच्या तशी, असं आमच्या भागात कितीतरी जणांचं झालेलं आहे.

आमची चांदणी काठेवाडी आहे, रंग कुमैत (म्हणजे अंग तांबूस-तपकिरी, आयाळ आणि शेपटी काळी), कपाळावर ठिपका, कान आत वळलेले आणि टोकं एकमेकांना लागतात असे. आधीच्या मालकाकडे ती लग्नाच्या वरातीत चालायची. ताशा वाजला की जागेवर नाचणं आणि गर्दीत उभं राहणं तिला मस्त जमायचं, बाकी काहीच नाही. लगाम हातात घेतला की मान वर, तोंड उघडं, आणि घराकडे तोंड झालं की सुटलीच. तिच्यासोबत जो लगाम आला होता तो काटेरी होता. खेड्यापाड्यात असा लगाम सर्रास दिसतो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण भार वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले त्यात काटेरी लगामाला सरळ बंदी आहे. याच्या आधी आम्ही तिला एका माणसाला दाखवली होती, नाव घेत नाही, त्याने लगाम अजून कडक करा म्हटलं आणि चाबूक काढला, बाबा तिथूनच तिला परत घेऊन आले.

इथे उस्तादांनी पहिलं काम केलं ते म्हणजे लगाम काढून बाजूला ठेवला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून दात दाखवले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावून चावून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होत जाते आणि गाल नाहीतर जीभ सोलली जाते. चांदणीच्या गालाला आतून जखमा होत्या. एवढे दिवस आम्ही सगळे म्हणत होतो घोडी तापट आहे, आणि तिचं तोंड दुखत होतं! डॉक्टरांनी कानशीने दाढा घासून दिल्या, मग जखमा भरेपर्यंत तोंडात काहीही घातलं नाही, सगळं काम मोरखी (तोंडात काही न घालता नुसती डोक्याला बांधतात ती) आणि दोरीवर. आता साधा, मधे सांधा असलेला गुळगुळीत लगाम आहे आणि मान खाली ठेवून चालते.

मोरखीवरचं जे काम आहे ना, ते बघायलाच लोकांनी यावं असं मला वाटतं. घोडीसमोर थोडं तिरकं उभं राहायचं (एकदम नाकासमोर नाही, तिथलं तिला दिसत नाही, तसंच बरोबर शेपटीमागचं पण दिसत नाही), दोरीला मागे हलकासा ताण द्यायचा आणि थांबायचं. ओढायचं नाही, ताण वाढवायचा नाही, नुसतं थांबायचं. ती आधी मान वर करते, मग बाजूला सरकायला बघते, मग पुढे रेटते, आपला हात तसाच. आणि मग कधीतरी पुढच्या एका पायावरचं वजन ती नुसतं मागे घेते, पाऊलसुद्धा उचललेलं नसतं, त्याच क्षणाला दोरी पूर्ण ढिली. तिथे ती उभी राहिली, ओठ चाटले, लांब श्वास सोडला. उस्ताद म्हणाले, "तिले सगळं येते वो ताई. तुमी काय म्हणता थेच फक्त तिले समजत नाई. हात सोडला का तिले समजते का हेच पायजेन होतं." घोडं ताणाने शिकत नाही, ताण सुटतो त्या वेळेला शिकतं, म्हणून सोडायला उशीर झाला की शिकवण चुकीच्या गोष्टीला चिकटते. हे वाचायला सोपं आहे पण हाताला कळायला वेळ लागतो, आणि हाच वेळ हे लोक देतात. डावीकडून जमलं की तेच सगळं उजवीकडून परत, कारण एका बाजूने शिकलं म्हणजे दुसरीकडून येईलच असं घोड्यात नसतं.

आता बसणाऱ्याचं. खोगीर घातलं, तंग कसला, वर बसले, पण लगाम हातात दिलाच नाही. उस्ताद मधे उभे, घोडी लांब दोरीवर गोल फिरते, आणि आपले हात आधी मांडीवर, मग कमरेवर, मग दोन्ही बाजूंना पसरलेले. नंतर रिकिबी पण काढल्या. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत आहे का एवढंच ते बघतात आणि सारखं ओरडतात, "खाली नको पाहू, समोर पाह्य!" दुडकी चालीत घोड्याचे तिरपे दोन पाय सोबत पडतात, म्हणजे दोनच ठोके, एक-दोन एक-दोन, आणि त्या तालावर उठायचं-बसायचं. गोलात फिरताना बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, म्हणजे आतला मागचा पाय हवेतून पुढे येत असतो तेव्हा आपण पाठीवर भार टाकत नाही. सुरुवातीला खांद्याकडे बघून मोजायला लागतं, नंतर मांडीलाच कळतं. आधी तोल आणि मग लगाम हा क्रम का ठेवलाय ते तिथेच समजलं, कारण ज्याला तोल नाही तो माणूस लगामाला धरून बसतो, आणि तो सगळा भार घोड्याच्या तोंडात जातो. तोंडाने आधीच भोगलेल्या घोडीला तर हे अजिबात नको.

काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांची जी रेवाल चाल असते, त्यात दुडकीसारखे हिसके बसत नाहीत. चांदणीची रेवाल नाचायच्या सवयीत अगदी दबून गेली होती, मान खाली आल्यावर ती आपोआप बाहेर आली. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. हे बघून बाबा इतके खूश झाले की विचारू नका.

वजनाच्या बाबतीत इथे फार कडक आहेत आणि बरोबरच आहेत. बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत. वजनकाटा नसेल तरी टेपने अंदाज निघतो, छातीचा घेर सेंटीमीटरमधे, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले ११८८०, उत्तर किलोमधे येतं. चांदणीचा घेर १६५ आणि लांबी १५२, म्हणजे साधारण ३४८ किलो, म्हणजे वर सगळं मिळून ७० च्या आत. आमच्या दादाला त्यांनी तोंडावर नाही म्हटलं, तो थोडा रागावला, पण घोडी वाचली.

जागा निवडलीय ती पण डोकं लावून. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात इतक्या मोठ्या भेगा पडतात की खूर अडकला तर पाय गेलाच समजा, म्हणून त्यांनी मुरमाड जागेवर वरून रेती टाकून गोल केलेला आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उजाडायच्या आधी काम सुरू आणि ऊन चढलं की बंद, मग कोणी कितीही लांबून आलेलं असो. घामाघूम घोड्यावर पाणी टाकू नये असं आपल्याकडे म्हणतात, इथे उलट सारखं पाणी टाकतात, निथळून काढतात, परत टाकतात, श्वास खाली येईपर्यंत, आणि प्यायला पण देतात. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग होतो म्हणून तबेल्याला जाळी आहे. खुरांसाठी नालबंद दीड-दोन महिन्यांनी येतोच.

आता अर्धा स्टार. बायकांसाठी कपडे बदलायला धड जागा नाही, गोठ्याच्या मागे एक खोली आहे तिला कडीच लागत नाही. हेल्मेट सक्तीचं आहे हे चांगलं, पण लहान साईज नाहीत, माझ्या भाचीच्या डोक्यावर ते फिरत होतं, मुलांसाठी स्वतःचं घेऊन जा. शेवटच्या टप्प्यात फोनला रेंज नाही आणि पावसाळ्यात पांदणीत गाडी फसते, घोडी टेम्पोतून आणणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोणी घोड्यावर बसवणार नाही, खरारा करा, खूर साफ करा, दोरी धरा, एवढंच. बरेच जण यालाच कंटाळून जातात आणि बाहेर सांगत फिरतात की पैसे घेऊन शेण उचलायला लावतात. हे मला पटत नाही. खरारा करतानाच मला कळलं की तिच्या डाव्या खांद्यामागे हात लावला की ती कातडं थरथरवते, तिथे जुन्या खोगीराचा वळ होता, उस्तादांनी त्यावरून खोगीर बदलायला लावलं.

फी महिन्याने घेतात, कडबा आणि भिजवलेला हरभरा आपण दिला तर कमी होते, आधी फोनवर बोलून घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडे घ्यायला जायचा कोणाचा विचार असेल तर जायच्या आधीच उस्तादांशी बोला, घोड्याचं तोंड, पाठ आणि खूर कसे तपासायचे ते दाखवतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. नवीन घोडी घ्यायला सगळ्यात बरा काळ दिवाळीनंतरचा, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा काम होतं. मार्चपासून एकच वेळ मिळते आणि जागा लवकर भरते. चांदणी अजून तिथेच आहे, कँटरवर (दुडकीच्या पुढची धावती चाल) डावीकडून उजवीकडे पाय बदलणं बाकी आहे, ते झालं की इथेच खाली लिहीन.