बल्कर की कंटेनर? सोमालियाच्या बाजूने जाणाऱ्यांसाठी

सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) हातात आली की आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो: भाऊ, बल्करवर जाऊ की कंटेनरवर? बल्कर म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं जहाज, कंटेनर म्हणजे मोठ्या लोखंडी पेट्यांतून माल नेणारं. माझ्या अनुभवात रेटिंगच्या (अधिकारी नसलेल्या खलाशांच्या) पगारात आणि करारात फार फरक पडला नाही. दोन्हीवर काम केलं आहे, म्हणून चाच्यांच्या पट्ट्यातून जायचं असेल तर काय, एवढ्यापुरतं लिहितो.

बल्करचं सुख आधी सांगतो. बंदरात मुक्काम लांबतो, गाव फिरता येतं, घरी निवांत व्हिडिओ कॉल होतो. कंटेनरवर माल उतरला, चढला की लगेच निघायचं. लॅशिंगनं (पेट्या घट्ट बांधण्याच्या कामानं) अंग मोडून येतं आणि झोप अर्धवट. डेकवरच्या नव्या पोराला शिकायलाही बल्करवरच जास्त मिळतं, असं माझं मत.

पण भरलेला बल्कर पाण्यात खोल बसतो. डेक पाण्याच्या जवळ आणि वेग बारा-तेरा नॉट (ताशी सागरी मैल). स्पीडबोटीतून शिडी अडकवणाऱ्याला आणखी काय पाहिजे? डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेलं एमव्ही रुएन, जानेवारी २०२४ चं लीला नॉरफोक, मार्च २०२४ मध्ये मोझांबिकहून कोळसा घेऊन अमिरातीकडे निघालेलं बांगलादेशचं अब्दुल्ला, हे तिन्ही बल्करच. लीला नॉरफोकचे २१ जण सिटाडेलमध्ये (जहाजातल्या आतून बंद होणाऱ्या सुरक्षित खोलीत) लपले आणि आयएनएस चेन्नईच्या कमांडोंनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्यांत १५ भारतीय होते. अब्दुल्लाचे २३ खलाशी महिनाभर ओलीस राहिले. रुएनच्या १७ जणांना तर आपल्या नौदलाने सोडवेपर्यंत तीन महिने गेले. कंटेनरला धोकाच नाही असं म्हणणार नाही. २००९ मध्ये पळवलेलं मर्स्क अलाबामा कंटेनर जहाजच होतं. तरी उंच बाजू आणि अठरा नॉटच्या वरचा वेग असला की चढणं फार अवघड होतं.

हे सगळं खरं, पण माझा निर्णय केला तो जागलीनं. रानडुकरांपासून शेत राखायला आपण रात्र काढतो, तशीच ती. पट्टा येण्याआधी काटेरी तारेची वेटोळी रेलिंगला बांधायची. कातडी हातमोजे घातले तरी मनगटं सोलतात. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून बुजगावणी उभी करायची, बाजूनं फायर होज लावून ठेवायचे. मग ब्रिज विंगवर (जहाज चालवायच्या खोलीबाहेरच्या सज्जावर) दुर्बीण घेऊन जादा पाळी. मासेमारीची प्रत्येक होडी जवळ आली की पोटात गोळा येतो. सकाळी गंज खरवडायला पुन्हा हजर. संथ जहाजाला तेवढाच पट्टा ओलांडायला जास्त दिवस लागतात, आणि मला काचलं ते हेच. झोप मोडलेला माणूस डोळ्यात तेल घालून पाहतो म्हणतो, पण त्याला दिसत काही नाही. कंटेनरवरही पहारा होता, पण तो लवकर संपायचा. आमच्या जहाजावर तार फक्त मागच्या सखल भागालाच लावावी लागली.

घरच्यांचाही विचार करा. टीव्हीवर ‘जहाज पळवलं’ ही पट्टी फिरली की माझी माय जेवत नसे, जहाज कोणाचंही असो.

माझं पारडं कंटेनरकडे झुकतं. पहिली नोकरी असेल आणि समोर बल्करच असेल तर नाही म्हणू नका, फक्त सहीआधी मार्ग विचारा. ब्राझील-चीन करणारा बल्कर आणि मोझांबिक-आखात करणारा बल्कर यांत बराच फरक आहे. एजंट मार्ग सांगायला टाळाटाळ करत असेल, तर त्याच्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी) परवाना आहे का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.