कनकेश्वर की कोर्लई? पोराबाळांना घेऊन जायचं असेल तर

अलिबागला शनिवार-रविवार मुक्काम असला की एक सकाळ डोंगरावर काढायची टूम निघतेच, आणि बोलणं शेवटी कनकेश्वरचं देऊळ आणि कोर्लईचा किल्ला या दोन नावांवर येतं. दोन्ही चढ सोपे. वाटाड्या नको, खास बूट नकोत. मी दोन्हीकडे घरच्यांसोबत गेलोय. घरचे म्हणजे गुडघे धरून बसणारी आई, फोटो काढत मागे राहणारी बायको आणि धाकटा चिरंजीव. त्याला चालता येत नाही, फक्त धावता येतं. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं सगळं मत याच मंडळींनी घडवलंय. तुमच्या घरची मंडळी वेगळी असतील तर मतही वेगळं होऊ शकेल.

नुसता देखावाच बघायचा असेल तर कोर्लईला तोड नाही. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी डोंगराची एक अरुंद सोंड समुद्रात शिरलीय आणि तिच्या पाठीवर किल्ला. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला कुंडलिकेची खाडी, समोर पलीकडे रेवदंड्याचे माड. दीपगृहाच्या मागून पायऱ्या लागतात. रमतगमत गेलं तरी वीसेक मिनिटांत माणूस वर. पोर्तुगीजांनी 1594 मध्ये हा किल्ला निजामशाहीकडून घेतला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला, म्हणून वर एकीकडे छप्पर उडालेलं चर्च आणि दुसरीकडे महादेव. खालच्या गावात ख्रिस्ती घरांतून पोर्तुगीजची छाप असलेली बोली अजून कानावर पडते. मुलांना इतिहास शिकवायची हौस असेल तर इतकं सगळं इतक्या कमी चढाईत दुसरीकडे मिळणं अवघड.

रस्त्याची कुरकुर बरेच जण करतात. गावातून दीपगृहाकडे जाणारी वाट अरुंद आहे, समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यायची. पण गाडी गावाच्या अलीकडे लावून चालत गेलं की तो प्रश्न मिटतो. ऊन मात्र आहे. सावली म्हणावी असं झाड वर फारसं नाही, आणि आमच्याकडे सगळ्यांचं आवरून निघेपर्यंत नऊ वाजतात.

तरीही उन्हामुळे मी कोर्लईवर फुली मारली नसती. माझं घोडं अडलं ते तटापाशी. सोंड अरुंद, तट ठिकठिकाणी ढासळलेला, कठडा नाही, आणि जिथून देखावा सर्वांत सुंदर नेमकी तिथेच पुढे उतरण. मोठ्यांना यात काही धोका वाटत नाही, मलाही वाटला नसता. पण हातात सहा वर्षांचं पोर असलं की समुद्र दिसतच नाही, दिसते त्याची कॉलर. एका बुरुजावर बायको म्हणाली, ‘अहो, ती बोट बघा,’ आणि मी ‘हो हो’ म्हणालो, न बघता. ती कसली बोट होती हे मला आजही सांगता येणार नाही. देखाव्यासाठी चढायचं आणि देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं, हे काही मला झेपलं नाही.

कनकेश्वरला चढ जास्त आहे, हे कबूल करायला हवं. मापगावातून सातशेच्या वर दगडी पायऱ्या, आंग्रेकाळातल्या, काही बुटक्या, काही चांगल्या हातभर रुंद. पण जवळजवळ सगळी वाट झाडीतून. नागोबाचा टप्पा, देवाची पायरी अशी बसायची ठिकाणं वाटेवरच आहेत, त्यामुळे ‘आई, जरा थांबू या का?’ असं विचारावं लागत नाही. ती आपणहून टेकते, नमस्कार करते, पाणी पिते. पोरगं पायऱ्या मोजत पुढे पळतं आणि पळालं तरी पायऱ्यांवरच राहतं. मी मागून निवांत येतो. वर मोठी पुष्करणी, शंकराचं जुनं देऊळ आणि चहा-भजीची सोय. माकडांपासून केळ्यांची पिशवी मात्र सांभाळा.

देखाव्यात कनकेश्वर थोडं कंजूष आहे. समुद्र सलग दिसत नाही. झाडी विरळ होते अशा वळणांवर एकदम खाली भातखाचरं, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यात खांदेरी-उंदेरी हे दोन जलदुर्ग. देखावा तुकड्यातुकड्यांनी मिळतो, पण मिळतो तेव्हा उभं राहून बघता येतो. मला तेवढं पुरतं.

आईचं मत विचाराल तर चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात, आणि त्यात तथ्य आहे. सातशे पायऱ्या उतरणं म्हणजे गंमत नाही. घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर कनकेश्वरचा हट्ट धरू नये. त्यांना कोर्लईला दीपगृहापाशीच बसवून बाकीच्यांनी वर जाऊन यावं. कॉलेजात जाणारी मुलं असतील, किंवा नवराबायको दोघंच असाल, तरी कोर्लईच करा, आणि शक्यतो सकाळी आठच्या आत वर पोहोचा. पावसाळ्यात कनकेश्वरच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा लहान मुलांना घेऊन तिथेही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे उत्तम. आणि फेब्रुवारीच्या आसपास गेलात तर परतताना रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. भाव पहिल्या टपरीवर विचारा, घ्या तिसऱ्या-चौथ्यावर.