ट्रॉलीची चाकं: नायलॉन की पीयू?
सोलापुरातल्या मोठ्या किराणा दुकानांत आत गुळगुळीत टाइल्स, दाराबाहेर खडबडीत पेव्हर ब्लॉक. नायलॉनचं चाक स्वस्त, कडक, भरल्या ट्रॉलीलाही हलकं पळतं. पण पेव्हरवर खडखडतं आणि हादरे थेट बेअरिंगला देतं. पॉलियुरेथेनचं, म्हणजे पीयूचं, महाग पडतं, मात्र आवाज कमी आणि पकड चांगली. मी पीयूच निवडेन.

निगा दोन्हींना लागते, चादरी-टॉवेलच्या या गावात तर जास्तच. सुटे दोरे आसाभोवती गुंडाळले की चाक अडतं, फरफटत जातं, एका बाजूनं झिजून सपाट होतं. मग ते बदलावंच लागतं. म्हणून दर आठवड्याला ट्रॉली आडवी करून दोरे कापून काढा. धुताना बेअरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.