नाथसागराच्या काठचा मेळा: तिकीट नाही, टोपी मात्र न्या

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, त्याच्या काठी हा पक्षी बघायचा मेळा. प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. जायकवाडी धरण १९७६ला पूर्ण झालं, १९८६ला पक्षी अभयारण्य झालं, हे सगळं फलकावर होतं, वाचतंय कोण? गर्दी सगळी दुर्बिणीपाशी. माझा नंबर लागला तेव्हा चक्रवाकांची जोडी उथळ पाण्यात उभी, नारिंगी पिसं उन्हात नुसती झळकत होती. मागून पोरं ओरडली, "काकू, सरका की!" मी कशाची हलते!

भोई बायांच्या स्टॉलवरचे तळलेले मासे एक नंबर. वरून कुरकुरीत, बोटांना तिखट लागलेलं. ते फुकट नाहीत, नसावेतही.

डोकं फिरलं ते डीजेनं. पक्षी बघायला बोलावता आणि त्यांच्याच कानाशी दणदणाट? सावलीही नावालाच. सकाळी आठच्या आत पोचा.